डॉल्बी बंद करा, पेटी उघडा!

पुण्या-मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांत गेली वीस-पंचवीस वर्षे एक शब्द वारंवार वाचायला मिळतो. तो शब्द म्हणजे ‘इंडी’. इंडिपेंडंट या शब्दाचे हे आखूड, लाडके रूप. जो गायक चित्रपटाच्या दावणीला बांधलेला नाही, जो स्वतः लिहितो, स्वतः चाल बांधतो आणि तिकीट लावून लोकांसमोर उभा राहून गातो, तो इंडी. अशा मैफलींची वर्णने शहरातले रसिक मोठ्या चवीने लिहितात. कोणत्या हॉलमध्ये कोण गायला, आवाज कसा लागला, गर्दी किती होती, सारे तपशीलवार.

आम्हीही गाण्याचे वेडे आहोत. वकिलीच्या कामासाठी मुंबई-पुण्याला जाणे होते, तेव्हा संध्याकाळ मोकळी सापडली की आम्ही अशा मैफलींना तिकीट काढून बसलो आहोत. आणि गडहिंग्लजच्या आसपासच्या वस्त्यांत, समाजमंदिरापुढच्या मांडवात सतरंजीवर बसून आम्ही जे गाणे ऐकले, त्याला मात्र कोणीही इंडी म्हटलेले नाही. आमचे स्पष्ट मत आहे की, ‘स्वतंत्र संगीत’ हे नाव या महाराष्ट्रात कोणाला शोभत असेल, तर ते पेटी-ढोलकी घेऊन गावोगाव भीमगीते गाणाऱ्या आपल्या गायन पार्ट्यांना. हे संगीत विरोधकांनी मारले असते तर आपण मोर्चे काढले असते. परंतु आज ते आपल्याच वर्गणीतून, आपल्याच जयंतीत, आपल्याच डोळ्यांदेखत मारले जात आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

स्वतंत्र, पण कोणापासून?

शहरातला इंडी गायक म्हणतो, मी कंपनीपासून स्वतंत्र आहे. चांगली गोष्ट आहे. पण आपल्या पूर्वजांपुढचा प्रश्न याहून कितीतरी मोठा होता. गावगाड्यात वाजवणे ही कला नव्हती, ते जातीने नेमून दिलेले काम होते. लग्न पाटलाच्या घरचे आणि वाजवायचे आम्ही. पालखी देवाची, हलगी मातंगाच्या हाती, आणि त्याच मातंगाला देवळाच्या पायरीवर बंदी. ज्याच्या तालावर गाव नाचले, त्याची सावली गावाला चालत नव्हती.

गडहिंग्लज तालुक्याला तर आणखी एक जखम ठाऊक आहे. यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या मुली, गळ्यात दर्शनाची माळ, हातात चौंडके आणि दारोदार जोगवा. त्यांच्या गळ्यातला सूर अस्सल होता यात शंका नाही. परंतु ते गाणे त्यांनी निवडलेले नव्हते, ते त्यांच्या गुलामीचा भाग होते. देवदासी प्रथेविरुद्ध १९३४ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. तरी प्रथा गेली नाही, आणि महाराष्ट्राला २००५ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला. या दोन कायद्यांच्या मधली सत्तर वर्षे ज्यांनी देवदासी निर्मूलनाचे काम रेटले, त्यांत गडहिंग्लजचे कार्यकर्ते होते, हे या तालुक्याने अभिमानाने सांगितले पाहिजे.

तेव्हा जे वाजवणे लादलेले आहे ते टाकायचे आणि जे गाणे आपले आहे ते आपल्या मर्जीने गायचे, असा हा दुहेरी लढा होता. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या परंपरेतून सत्यशोधक जलसे निघाले. पुढे १९३० च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डकांसारख्या कार्यकर्त्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशाचा साचा लोकांच्या ओळखीचा होता, तो त्यांनी ठेवला आणि आतला माल बदलला. शृंगाराच्या जागी शिक्षण, देवाच्या जागी माणूस आणि राजाच्या जागी संविधानाकडे जाणारा लढा आला. कर्डकांनी या जलशांचा वृत्तांत १९७८ साली पुस्तकरूपाने लिहून ठेवला, म्हणून तो आज आपल्या हाती आहे. आपल्या दहा सभांच्या बरोबरीने बाबासाहेब एका जलशाचे मोल करीत, ही आठवण तर चळवळीत घरोघर सांगितली जाते.

आमचा जिल्हा राजर्षी शाहू महाराजांचा. त्यांनी १९०२ साली आरक्षण दिले, अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गवयाला दरबारात मान दिला आणि १९१५ साली कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभे केले. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. २०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री ते आगीत जळाले, तेव्हा जिल्हा हळहळला. राजाश्रयाने दरबारी गाणे जगले. मात्र जलशाचे गाणे कोणत्याही राजाने जगवले नाही. ते गिरणी कामगाराने, हमालाने, शेतमजुराने आठ-आठ आण्यांची वर्गणी काढून जगवले. कंपनीविना, सरकारविना, देवस्थानाविना. स्वतंत्र संगीताची व्याख्या याहून वेगळी काय असते?

मांडवातले ऐकणे

आता आम्ही काय ऐकले ते सांगतो. गडहिंग्लज हे हिरण्यकेशीच्या काठचे, सीमेवरचे गाव. इथून संकेश्वर हाकेच्या अंतरावर. तालुक्याच्या पूर्वेकडे, हलकर्णी-बसर्गे भागात, घरात कानडी बोलली जाते. त्यामुळे इकडच्या मांडवात एक गोष्ट घडते जी मुंबईच्या मांडवात घडत नाही. मराठीत भीमगीत रंगात आले असताना गायक मध्येच कानडी कडवे घालतो, आणि मागे उभे असलेले लोक पुढे सरकतात. ‘जयभीम’ या शब्दाला भाषांतर लागत नाही, हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, या मांडवात पाहिले.

गायन पार्टी संध्याकाळी टेम्पोतून उतरते. एक पेटी, एक ढोलकी, एक बेंजो, खंजिरी, झांज आणि मागे कोरसला दोघे-तिघे. आजकाल सोबत ऑक्टोपॅड असतो. पेटीवाला दिवसा रंगकाम करतो, ढोलकीवाला गवंडी आहे, कोरसमधला एकजण शाळेत शिपाई. ढोलकीवाला वादी ओढून सूर जुळवतो, तोवर बायका पोरांना घेऊन पुढच्या जागा धरतात. आधी त्रिसरण-पंचशील, मग वंदना गीत, मग बाबासाहेबांवरचे गाणे, आणि रात्र चढली की सामना. एक पार्टी सवाल टाकते, दुसरी जवाब देते. बुद्ध, कबीर, फुले, शाहू, रमाई, महाड, येवला, नागपूर... प्रश्नोत्तरांतून इतिहासाची उजळणी होते. अक्षर न कळणाऱ्या म्हाताऱ्याही बसल्या जागी जवाब हेरतात आणि गायक चुकला तर मोठ्याने सांगतात. असा श्रोता कोणत्या तिकिटाच्या मैफलीत मिळतो?

रमाईच्या गाण्याला मांडव गप्प होतो. हे आम्ही प्रत्येक ठिकाणी पाहिले आहे. ज्या बाईने दिवसभर दुसऱ्याच्या शेतात भांगलण केली, ती पदराने डोळे पुसते आणि कनवटीची दहाची नोट काढून स्टेजकडे पाठवते. गायक नाव पुकारतो, ‘अमक्या ताईंकडून दहा रुपये बक्षीस, जयभीम ताई!’ शहरी रसिकाला गाण्याच्या मध्ये ही पुकार खटकेल. आम्हाला ती या मैफलीची हजेरी वाटते. ज्यांची नावे गावच्या कोणत्याच कार्यक्रमपत्रिकेत छापली गेली नाहीत, त्यांची नावे इथे माईकवरून गावभर ऐकू जातात.

एका वर्षी एका वस्तीत ऐन रंगात वीज गेली. कर्णा बंद, माईक बंद, दिवे बंद. आम्हाला वाटले, आता लोक उठतील. गायकाने पेटी उचलली, स्टेजवरून खाली उतरला, लोकांच्या मधोमध बसला आणि तेच गाणे पुन्हा धरले. बॅटऱ्यांच्या उजेडात दीड तास गाणे चालले. एकही शब्द वाया गेला नाही. ज्या संगीताला विजेचीही गरज उरली नाही, त्याच्या स्वातंत्र्याबद्दल आणखी काय सांगावे?

शहरातले ऐकणे

शहरातल्या मैफलींत घेण्यासारखे पुष्कळ आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने सांगतो. पहिली गोष्ट, तिथे आवाजाची तयारी असते. दुपारीच कलावंत येऊन वाद्ये तपासतात आणि ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस कार्यक्रमभर जागचा हलत नाही. आपल्याकडे माईक शिट्टी मारतो आणि कोणालाही त्याचे काही वाटत नाही. दुसरी गोष्ट, ऐकणारा तिकीट काढून आलेला असल्याने ऐकतो. गाणे चालू असताना स्टेजवर सत्कार, हारतुरे आणि नेत्यांची भाषणे घुसवली जात नाहीत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, श्रोता विचारतो, नवीन काय आणलेस? चित्रपटातल्या चालीवर शब्द बसवलेले गाणे तिथे कोणी ऐकणार नाही.

हा तिसरा मुद्दा आपल्याला बोचला पाहिजे. वामनदादा कर्डकांच्या पिढीनेही लोकप्रिय चाली वापरल्या. पण त्या चालीत त्यांनी असा विचार भरला की लोक मूळ गाणे विसरले आणि वामनदादांचे लक्षात ठेवले. आज काही पार्ट्या उघड्यानागड्या गाण्याची चाल उचलतात, त्यात चार वेळा ‘भीम’ घालतात आणि भीमगीत झाले म्हणतात. ही नक्कल आहे. नक्कल करणारा स्वतंत्र कसा म्हणवून घेईल?

परंतु शहराच्या इंडीलाही प्रश्न विचारले पाहिजेत. पुण्यात २०१० साली सुरू झालेला एनएच सेव्हन वीकेंडर हा या क्षेत्रातला गाजलेला महोत्सव. त्याच्या नावाच्या आधी अनेक वर्षे एका दारू कंपनीचे नाव लागत होते. चित्रपट कंपनीपासून सुटलेले संगीत दारू कंपनीच्या मांडवात गेले, तर त्याला स्वतंत्र म्हणायचे का, याचा विचार त्या रसिकांनी करावा. दुसरे असे की, त्या गाण्यांत मनाची उदासी असते, प्रेमभंग असतो, शहराचा एकटेपणा असतो, पण गाण्याला पत्ता नसतो. हे गाणे कोणासाठी आणि कोणाविरुद्ध, हे कळत नाही. आपल्या गाण्याला पत्ता आहे.

हा पत्ता आणि ती तयारी एकत्र आली की काय होते, ते तामिळनाडूने दाखवले. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम झाला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत अंत्ययात्रेत गायले जाणारे गाना संगीत, परईचा ठेका, गिटार आणि रॅप, हे सारे एका मंचावर आले. अंत्यविधीला वाजवण्याची सक्ती म्हणून जे वाद्य अंगाला चिकटले होते, तेच हजारोंच्या समोर अभिमानाने वाजले. त्याच वृंदातला अरिवू पुढे २०२१ साली देशभर गाजला. तरीही त्याने लिहिलेल्या आणि गायलेल्या गाण्याच्या यशावर ‘रोलिंग स्टोन इंडिया’ने मुखपृष्ठ काढले, तेव्हा त्यावर अरिवूच नव्हता. ओरड झाल्यावर त्याचे स्वतंत्र मुखपृष्ठ निघाले. इंडीच्या जगातही पंगत कशी बसते, हे यातून समजून घ्यावे.

महाराष्ट्रातही हे पाणी आटलेले नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कडुबाई खरात हातात एकतारी घेऊन गायल्या आणि मोबाइलवरून घराघरात पोहोचल्या. त्यांच्यामागे कोणतीही कंपनी उभी नव्हती. आणि या स्वातंत्र्याची किंमतही आपल्याच शाहिरांनी मोजली आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्या दुःखाने शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी स्वतःला संपवले. आनंद पटवर्धन यांचा २०११ चा ‘जयभीम कॉम्रेड’ हा चित्रपट तिथूनच सुरू होतो. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या कलावंतांना २०१३ साली आणि पुन्हा २०२० साली गजाआड जावे लागले. गाणे बिनमहत्त्वाचे असते, तर तुरुंगाची दारे गायकांसाठी उघडली नसती. सत्तेला गाण्याची ताकद कळते. ती आपल्या जयंती मंडळांना कधी कळणार?

भिंत उभी राहिली

कोल्हापूर जिल्ह्यात ध्वनिक्षेपकांच्या त्या राक्षसी रचनेला ‘डॉल्बी’ म्हणतात. एकावर एक खोकी रचून ट्रॉलीवर भिंत उभी करायची आणि एका यंत्रातून रेकॉर्ड वाजवायची. भाडे एका रात्रीचे, आणि तेही आगाऊ. मंडळाच्या वर्गणीतला मोठा घास ही भिंत खाते. उरलेल्यात मंडप, फ्लेक्स आणि जेवण. गायन पार्टीला सांगितले जाते, ‘यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी बघू.’ अशी पाच-सहा वर्षे गेली की पेटीवाला पेटी माळ्यावर टाकतो आणि ढोलकीवाल्याचा मुलगा ढोलकी शिकतच नाही. कला संपायला बंदी लागत नाही, बोलावणे थांबले की पुरे.

डॉल्बीत शब्द मरतो. छातीत ठोका बसतो, काचा थरथरतात, पण गाण्यात काय म्हटले ते कोणाला सांगता येत नाही. आपली सारी चळवळ शब्दावर उभी आहे. शिका म्हणणाऱ्या महामानवाच्या जयंतीत एकही शब्द ऐकू येऊ नये, याला काय म्हणावे?

यावर तरुण आम्हाला उलट विचारतात, आणि त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, ‘साहेब, इतरांच्या मिरवणुकीत दहा-दहा डॉल्बी लागतात, तेव्हा कोणी बोलत नाही. आमचीच जयंती आली की सगळ्यांना कान आठवतात का? ज्या रस्त्यावरून आमच्या आज्याला चालू दिले नाही, त्या रस्त्यावर आमचा आवाज घुमला पाहिजे.’ या म्हणण्यात सत्य आहे. रस्त्यावरचा हक्क आपण झगडून मिळवला आहे आणि कायदा लावायचा तर तो सर्वांच्या मिरवणुकीला सारखा लावला पाहिजे, यावर आम्ही त्यांच्या बाजूने उभे आहोत. पण मित्रांनो, एक विचार करा. तो आवाज तुमचा आहे का? ती खोकी भाड्याची, ती रेकॉर्ड दुसऱ्याची, आणि बहुतेकदा ती वाजवणाराही बाहेरचा. गणपतीत जी भिंत वाजते तीच तुमच्या जयंतीत वाजते, फक्त फ्लेक्स बदलतो. ज्या दिवशी आपला आवाज इतरांच्या आवाजासारखाच झाला, त्या दिवशी आपण रस्ता जिंकूनही गाणे हरलो.

शरीराचेही ऐका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली गाण्याच्या जागांसाठी मानक जाहीर केले. त्यात सरासरी आवाजाची कमाल मर्यादा १०० डेसिबल ठेवली आहे. भिंतीपुढे नाचणारी पोरे, ट्रॉलीमागे चालणाऱ्या लेकुरवाळ्या बाया, दारात बसलेले म्हातारे, यांचे कान कोण मोजतो? कानातल्या ज्या बारीक पेशी मरतात त्या परत येत नाहीत. २०२३ च्या गणेशोत्सवात लेझरच्या झोतांनी डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या कोल्हापूर जिल्ह्यातूनच आल्या होत्या. तो धडा उत्सव पाहून वेगळा होत नाही.

कायदा आणि मैदान

आता वकील म्हणून चार गोष्टी. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते, आणि महाराष्ट्रात त्या दिवसांची यादी जिल्हाधिकारी जाहीर करतात. मंडळांनी ती यादी दरवर्षी पाहावी, तोंडी आश्वासनावर विसंबू नये, परवाना लेखी घ्यावा.

नियम मोडला तर पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली. शिवाय सार्वजनिक उपद्रवाची आणि पोलीस कायद्याची कलमे आहेतच. गुन्हा डॉल्बी मालकाबरोबर मंडळाच्या अध्यक्षावर आणि कार्यकर्त्यांवर दाखल होतो. पोलीस भरतीची तयारी करणारा, पहाटे उठून धावणारा आपला पोरगा चारित्र्य पडताळणीच्या रकान्यात अडकतो. एका रात्रीच्या धडधडाटासाठी त्याची नोकरी पणाला लावायची का?

पण कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हाच नियम म्हणतो की, बंदिस्त सभागृहात आतल्यापुरता आवाज रात्री १० नंतरही चालतो. अक्षराने नियम सर्वांना सारखा. प्रत्यक्षात ज्याच्याकडे सभागृह आहे त्याची रात्र लांब, आणि ज्याच्याकडे फक्त मैदान आहे त्याची रात्र दहाला संपते. मुंबईत धोबी तलावाचे रंगभवन हे उघडे नाट्यगृह होते. तिथे स्वस्त तिकिटात हजारो पोरे रॉक संगीत ऐकत. या शतकाच्या आरंभी शांतता क्षेत्राच्या नियमाने तिथल्या मैफली बंद पडल्या आणि ते संगीत महागड्या क्लबांत गेले. ज्याच्या खिशात पैसे नव्हते तो बाहेर राहिला. रात्रभर चालणाऱ्या आपल्या जलशाचेही तेच झाले. फरक इतकाच की, रंगभवनासाठी लेख आले, जलशासाठी कोणी ओळ लिहिली नाही.

यावर उपाय आपल्या दारात आहे. अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठीच्या शासकीय निधीतून गावोगाव समाजमंदिरे बांधली गेली आहेत. कितीतरी ठिकाणी ती वर्षातले तीनशे दिवस कुलपात असतात किंवा सिमेंटच्या पोत्यांचे कोठार होतात. चार भिंती, छप्पर, दारे-खिडक्या असलेली ही जागा म्हणजेच आपले सभागृह. दोनशे माणसे, एक पेटी, एक ढोलकी आणि माईकशिवाय गळा. वीज गेलेल्या त्या रात्रीने दाखवून दिले आहे की गाण्याला एवढे पुरते.

शेवटच्या कडव्यातले नाव

वामनदादांचा जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मोठेपणी अक्षरओळख झालेला हा माणूस हजारो गीते लिहून २००४ साली गेला. त्यांच्या गीतांत शेवटी बहुधा ‘वामन’ ही नाममुद्रा येते. ती त्यांची सही होती. आज गायक शेवटचे कडवे गाळतो, मोबाइलवर गाणे चढवतो आणि खाली स्वतःचे नाव टाकतो. कवीची सही पुसणे म्हणजे दस्तऐवज चोरणे.

कायदा काय म्हणतो ते पाहा. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या शब्दांवर वारसांचा हक्क राहतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. हौशी मंडळाने फुकट कार्यक्रमात गीत गायले तर तो भंग होत नाही, तेव्हा जयंतीत गाणाऱ्यांनी घाबरू नये. मात्र गाण्यावर कमाई होत असेल तर परवानगी आणि वाटा दोन्ही द्यावे लागतात. कवी म्हणून नाव लागण्याचा हक्क तर स्वतंत्रच आहे. २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, तसे लिहून घेतले तरी ते टिकत नाही. आपल्या किती गायक-कवींना हे माहीत आहे? पाचशे रुपयांत आयुष्याची गाणी लिहून देणारे कवी आम्ही पाहिले आहेत. त्यांना सांगा, कोऱ्या कागदावर सही करू नका.

मंडळांना विनंती

म्हणून गडहिंग्लज तालुक्यातील आणि एकूणच जिल्ह्यातील जयंती मंडळांना आमची विनंती आहे. वर्गणीचा निदान तिसरा हिस्सा प्रत्यक्ष गाण्यासाठी बाजूला काढा. गायन पार्टीची बिदागी आधी ठरवा, लिहून द्या आणि कार्यक्रमाच्या रात्रीच चुकती करा. कार्यक्रम संध्याकाळी सहाला सुरू करा आणि दहाला संपवा, सत्कार गाण्याच्या आधी उरका. प्रत्येक पार्टीला निदान दोन नवीन गाणी, नव्या चालीची, आणायला सांगा. दर गाण्याआधी कवीचे नाव पुकारा. रॅप करणाऱ्या पोरांना पेटीवाल्याच्या शेजारी बसवा, दोघेही एकमेकांकडून शिकतील. मुलींना कोरसमध्ये मागे उभे करू नका, माईक त्यांच्या हाती द्या. आणि समाजमंदिराचे कुलूप काढून महिन्यातून एक रात्र गाण्याला द्या. पौर्णिमा आहेच.

९ डिसेंबर १९५० रोजी कोल्हापूरच्या बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीतच उभा राहिला, महात्मा फुल्यांच्या पुतळ्यासोबत. या जिल्ह्याने माणूस जिवंत असताना त्याचा मान ओळखला, ही त्याची ख्याती आहे. तोच न्याय आपल्या गायकांना लावा. पेटीवाला गेल्यावर शोकसभेत त्याची थोरवी सांगण्यापेक्षा, तो आहे तोवर त्याला मांडवात बोलवा, समोर बसा आणि ऐका. गाणे जिवंत असते ते जिवंत माणसाच्या गळ्यात. भाड्याच्या खोक्यात ते कधीच नव्हते.

जयभीम!